मदत हवी आहे: पेशंटच्या फीडबॅक फॉर्मवर सगळं ‘उत्तम’च येतंय, खरं कसं कळायचं?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात क्वालिटी विभागात काम करते. पेशंट फीडबॅक माझ्याकडं आहे आणि त्याबद्दलच विचारायलेय. नर्सिंगमधले, सर्व्हे करणारे, नाहीतर नुसते पेशंटचे नातेवाईक असाल तरी प्लीज वाचा, जरा लांबलंय.

आमचा फॉर्म एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी. डॉक्टर कसे, नर्सिंग कसं, स्वच्छता कशी, जेवण कसं, आणि पुढं उत्तम, चांगलं, बरं, वाईट असे चौकोन. एनएबीएचसाठी (दवाखान्याच्या दर्जाचं मानांकन) फीडबॅक घ्यावाच लागतो, ते योग्यच आहे. दर महिन्याला रिपोर्ट जातो आणि दर महिन्याला जवळजवळ सगळेच खूश. पण मी वॉर्डात फिरते आणि तिथं मला वेगळंच ऐकू येतं, त्यामुळं तो रिपोर्ट पाठवताना मनाला पटत नाही.

फॉर्म भरला कसा जातो ते सांगते म्हणजे कळेल. डिस्चार्जच्या दिवशी, बिलिंग काउंटरवर. हातात फाइल, औषधाची पिशवी, स्कीमचे झेरॉक्स, पेशंट व्हीलचेअरवर गेटजवळ, रिक्षावाला हॉर्न मारायलाय, आणि मुलगा नाहीतर जावई काउंटरला दोऱ्यानं बांधलेल्या पेनानं ‘उत्तम’च्या रांगेत वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढतो. झाला फीडबॅक. ज्यानं वॉर्डात रात्र काढली त्याला कुणी विचारलंच नाही. शेजारी उभी असते ती सिस्टर आदल्या रात्री सलाइन लावणारी, तिच्यासमोर वाईट कोण लिहिणार?

खानापूरकडच्या एका आजींच्या फॉर्मवर पण सगळं उत्तम होतं. गाडी यायची होती म्हणून बाकावर बसलेल्या, मी शेजारी बसले तेव्हा बोलायला लागल्या, की रात्री बाथरूमला जायचं म्हणून बेल दाबली, कोण आलंच नाही, शेवटी पलीकडच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेनं धरून नेलं, आणि गोळ्या तीन तऱ्हेच्या दिल्यात पण जेवणाआधी कुठली न् नंतर कुठली ते कुणी सांगितलं नाही. मी म्हटलं, आजी, हे लिहायचं की! तर म्हणाल्या, “अगं पोरी, डॉक्टरनी जीव वाचिवला माझा, आणि परत हितंच यायचंय की.”

आजी खोटं बोलल्या नाहीत. उपकार पण खरे आणि भीती पण खरी. आणि बेल, गोळ्या या दोन्ही गोष्टींना आमच्या फॉर्मवर जागाच नाही.

आता वरून म्हणायलेत की फीडबॅकचे मार्क वॉर्डवार काढून स्टाफच्या इन्क्रिमेंटला जोडूया. मला ते अजिबात बरोबर वाटत नाही, पण मीटिंगमध्ये नुसतं ‘वाटत नाही’ म्हणून चालत नाही. तर प्रश्न काय विचारायचे, कधी विचारायचे, कुणी विचारायचे, आणि हे इन्क्रिमेंटचं कसं थांबवायचं, एवढं सांगा. बजेट जवळपास नाहीच.

गडहिंग्लजकर_सर्व्हे:

ताई, तुमचा फॉर्म समाधान विचारतो, अनुभव विचारत नाही, मूळ अडचण तिथं आहे. ‘नर्सिंग कसं वाटलं’ विचारलं की माणूस उपकार आठवतो आणि उत्तम म्हणतो. त्याऐवजी काय घडलं ते विचारा. अमेरिकेत एचकॅप्स नावाचा सरकारी सर्व्हे आहे, २००८ पासून त्याचे हॉस्पिटलवार आकडे लोकांसमोर ठेवतात. त्यात बरेचसे प्रश्न ‘किती वेळा’ असे आहेत, आणि उत्तरं कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी. बाथरूमला जायला हवी तेव्हा मदत मिळाली का, नवीन औषध देताना ते कशासाठी आहे हे सांगितलं का, असलेच प्रश्न. म्हणजे तुमच्या आजींच्या दोन्ही तक्रारींना तिथं जागा आहे बघा. आणि ‘कधीकधी’ म्हणायला माणसाला जड जात नाही, ‘वाईट’ म्हणायला जातं.

दुसरं म्हणजे तो सर्व्हे वॉर्डात करतच नाहीत. डिस्चार्जनंतर ४८ तासांपासून सहा आठवड्यांच्या आत करतात, आणि यादीतून पेशंट रँडम निवडतात, खूश दिसणारे बघून नाही. तुम्ही डिस्चार्ज रजिस्टरमधून दर ठरावीक नंबरचा पेशंट घ्या, घरी गेल्यावर फोन करा. आपल्याकडं केंद्र सरकारनं २०१६ ला ‘मेरा अस्पताल’ नावाची पेशंटचा फीडबॅक घ्यायची सोय सुरू केली, त्यात पण दवाखान्यातून गेल्यावर मेसेज आणि फोनवर विचारायचे. मात्र यादीतून वारलेल्यांची नावं आधी काढा, ज्या घरात माणूस गेलंय तिथं ‘सेवा कशी वाटली’ असा फोन जाऊ देऊ नका.

रिपोर्टमध्ये सरासरी देऊ नका. सगळेच वरच्या टोकाला असले की सरासरी हलत नाही. ‘नेहमी’ म्हणणारे शंभरात किती, तेवढंच दाखवा.

निपाणीची_सिस्टर (रिटायर्ड):

वाचून वाईट वाटलं, पण आमची बाजू पण सांगते. रात्रपाळीला दोन सिस्टर, वॉर्ड भरलेला, त्यात एक पेशंट सीरियस झाला की दोघी तिकडं, मग बेल कोण बघणार? आजींकडं कुणी आलं नाही हे खरंच आहे, पण त्याचा मार्क त्या पोरीच्या पगारातून कापला तर पुढच्या महिन्यात काय होईल सांगू? ती डिस्चार्जच्या वेळी गोड बोलून ‘काकू, चांगलं लिहा हं’ म्हणेल, बेल तशीच वाजत राहील. रात्री किती बेल वाजल्या, किती वाजता, आणि ड्यूटीवर कोण किती, हे फीडबॅकच्या शेजारी ठेवून मीटिंगला न्या. म्हणजे माणसं कमी आहेत हे दिसेल तरी.

आणि कुठल्या पेशंटनी काय सांगितलं ते वॉर्डात कळू देऊ नका. लहान वॉर्डात दोन शब्दांवरून पण पेशंट ओळखतात.

गडहिंग्लजकर_सर्व्हे:

सिस्टर म्हणतात ते शंभर टक्के. इन्क्रिमेंटच्या मीटिंगला हे सांगा: अमेरिकेत एचकॅप्सचे मार्क हॉस्पिटलच्या पैशाला जोडले होते, आणि त्यात दुखणं कमी केलं का असे पण प्रश्न होते. तिथं अफूच्या वर्गातल्या पेनकिलरांच्या व्यसनानं आधीच कहर माजलेला, आणि मार्कासाठी डॉक्टर त्या गोळ्या जास्त लिहून देतील अशी काळजी वाटायला लागली. शेवटी दुखण्याचे प्रश्न आधी पैशाच्या हिशोबातून आणि मग सर्व्हेतूनच काढले. मार्काला पैसा लावला की काय होऊ शकतं याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही.

चंदगडची_लेक:

मी पेशंटची नातेवाईक म्हणून लिहितेय. आमच्याकडनं डिलिव्हरीला, ऑपरेशनला बरेच लोक बेळगावलाच येतात. फोन करणार म्हणता पण फाइलवर नंबर कुणाचा असतो? नवऱ्याचा, नाहीतर पुण्यात असलेल्या भावाचा. बाळंतीण माहेरी चंदगडला, फोन जातो नवऱ्याला, तो म्हणतो सगळं ओके. ॲडमिशनच्या वेळीच विचारून ठेवा की घरी गेल्यावर हिच्याशी कुठल्या नंबरवर आणि कुठल्या वेळेला बोलता येईल, आणि कुठल्या भाषेत. सासू शेजारी बसली असेल तर ती बोलणार नाही, तेव्हा ‘नंतर करू का’ म्हणायची सवय ठेवा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. चंदगडच्या ताईंचं वाचून मी आज ॲडमिशन काउंटरवर जाऊन फाइली बघितल्या, खरंच बायकांच्या फाइलवर त्यांचा स्वतःचा नंबर क्वचितच आहे. तो रकाना नवीन टाकायला सांगितलाय.

आता ठरवलंय ते असं: काउंटरवरचा फॉर्म तक्रार-सूचनेसाठी ठेवायचा पण त्याचे आकडे काढायचे नाहीत. फोन आठवड्याभरानं, प्रश्न आठ-नऊच, सगळे ‘किती वेळा’वाले, शेवटी एकच मोकळा प्रश्न, की आत असताना कशाचा त्रास झाला. उत्तर पेशंटनी दिलं की नातेवाईकानी ते दर वेळी लिहायचं, आणि दोन्ही वेगळे मोजायचे. फोन करायला वॉर्डाशी संबंध नसलेलं माणूस हवं, लायब्ररीतल्या मॅडम तयार आहेत, त्यांना मराठी, कन्नड दोन्ही येतं.

एक अडचण अजून आहे. मराठी प्रश्न मी लिहिते, कन्नड एका सहकाऱ्यानी केलेत, पण अर्थ बदलला नाही ना हे कळायला ते परत मराठीत करून बघणारं तिसरं माणूस पाहिजे, ज्यानं मूळ मराठी वाचलेलं नाही. गोकाक, हुक्केरी, बैलहोंगल भागातलं रोजचं कन्नड बोलणं कळणारं कुणी असेल तर मेसेज करा, एका पानाचंच काम आहे. आणि ज्यांच्या घरचं कुणी गेल्या काही महिन्यांत ॲडमिट होतं, दवाखाना कुठलाही असो, त्यांनी हे प्रश्न घरच्यांना वाचून दाखवून कुठं अडखळले तेवढं कळवलं तर फार बरं होईल. प्रश्न उद्या संध्याकाळपर्यंत इथंच टाकते.