मदत हवी आहे: कार अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज लावताक्षणी उडतो, रिमोट वायर काढलेली असली तरी

प्रश्नकर्ता
नमस्कार मंडळी. चार चॅनेलचा क्लास एबी अ‍ॅम्प आहे, ३० अँपिअरचे दोन फ्यूज. मागचे दोन चॅनेल ब्रिज करून (दोन्ही मिळून एक करून) सबवूफर, पुढच्या दोनांवर दारातले स्पीकर. सब मोठ्याने चालू असताना आवाज एकदम गेला आणि दोन्ही फ्यूज उडाले. नवे घातले तर बॅटरीची वायर टेकवताच ठिणगी पडून तेही जातात. स्पीकर, आरसीए (आवाजाच्या सिग्नलची केबल), रिमोट (अ‍ॅम्प चालू करणारी वायर) सगळं काढून पाहिलं, फरक नाही. आत पॉवरच्या बाजूला चार आयआरएफझेड ४४एन मॉसफेट (स्विचसारखे चालणारे ट्रान्झिस्टर), त्यांना चालवणारा एक टीएल ४९४ आयसी आणि टोरॉइड (गोल ट्रान्सफॉर्मर) आहे. दोन लहान रेझिस्टर काळे पडलेत. मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. सुरुवात कुठून करू?

सोल्डरवाला
रिमोट नसताना फ्यूज उडतो हीच मोठी खूण आहे. बॅटरीचा प्लस टोरॉइडच्या प्रायमरीतून (बॅटरीकडच्या गुंडाळीतून) थेट मॉसफेटच्या ड्रेनवर (गेट, ड्रेन, सोर्स या तीन पायांपैकी एक) येतो, मध्ये कुठेही स्विच नसतो. रिमोट फक्त टीएल ४९४ ला जागं करतो. म्हणजे पॉवरचा एखादा मॉसफेट शॉर्ट आहे, किंवा इनपुटवरचा उलट पोलॅरिटीपासून वाचवणारा डायोड. आऊटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असता तर रिमोट दिल्यावरच फ्यूज उडाला असता किंवा प्रोटेक्शनचा लाल दिवा लागला असता.

आधी रेलचे (आऊटपुटला वीज देणाऱ्या प्लस-मायनस लाइनचे) मोठे कपॅसिटर १०० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा. मग मल्टिमीटरच्या डायोड मोडवर प्रत्येक मॉसफेटचं ड्रेन-सोर्स आणि गेट-सोर्स मोजा. इथे एक फसगत होते: प्रायमरीचा रोध नगण्य असल्यामुळे एक मॉसफेट गेला तरी चारही ड्रेन शॉर्ट दिसतात. कोणती जोडी गेली ते गेटवरून कळतं. जळालेले रेझिस्टर कोणत्या गेटचे आहेत तेही सांगा. आणि सबचे ओहम किती?

प्रश्नकर्ता
चारही ड्रेन-सोर्स बीप देतात. डावीकडच्या दोघांचं गेट-सोर्सही शून्य, उजवीकडे तसं नाही. काळे रेझिस्टर डाव्या जोडीचेच, १०० ओहमचे, दोन्ही ओपन. इनपुटचा डायोड एक पाय सुटा करून पाहिला, ठीक आहे. सब ड्युअल कॉइल, ४ + ४ ओहम, दोन्ही कॉइल पॅरलल.

सोल्डरवाला
कारण सापडलं. पॅरललमध्ये सब २ ओहमचा झाला आणि ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला त्याच्या निम्मा, म्हणजे १ ओहम दिसतो. बहुतेक चार चॅनेल अ‍ॅम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालवायचे नसतात, तुमच्या अ‍ॅम्पवर छापलेलं असेल, बघा. कॉइल सिरीजमध्ये जोडून ८ ओहम करा. ताकद कमी मिळेल, पण हे न बदलता मॉसफेट घातले तर तेही जातील.

आता दुरुस्ती. चारही मॉसफेट काढा, चारही एकाच लॉटचे नवे घाला. उजवी जोडी बरी दिसली तरी तिने ताण सोसलाय. गेटचे चारही रेझिस्टर बदला, गेटच्या आधीचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर तपासा. मॉसफेट जाताना बऱ्याचदा त्यांनाही नेतो.

नवे मॉसफेट लावायच्या आधी २ अँपिअरचा फ्यूज घालून १२ व्होल्ट आणि रिमोट द्या. टीएल ४९४ च्या पिन १२ वर बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज, पिन १४ वर ५ व्होल्ट हवेत. पिन ४ वर ३ व्होल्टच्या वर असेल तर प्रोटेक्शनने आयसी थांबवलाय. ऑसिलोस्कोप नसला तरी चालेल: मॉसफेटच्या रिकाम्या गेट पॅडवर डीसी मोजा. चौकोनी लहरीची सरासरी म्हणून साधारण ४ ते ५ व्होल्ट दिसतील. दोन्ही बाजूंना आकडा सारखा हवा. एका बाजूला शून्य किंवा पूर्ण १२ असेल तर त्या बाजूचा ड्रायव्हर गेलेला. अशा वेळी मॉसफेट लावूच नका.

तांब्याची तार
आयआरएफ ३२०५ घालू नका, दुकानदार 'जास्त ताकदीचा' म्हणून देतात. त्याचा रोध ८ मिलिओहम, झेड ४४एनचा १७.५, हे खरं. पण गेट चार्ज (गेट चालू करायला लागणारा चार्ज) १४६ नॅनोकुलंबपर्यंत, झेड ४४एनचा ६३. ड्रायव्हर तेवढ्या भाराचे नसले तर स्विचिंग मंदावतं आणि मॉसफेट उलट जास्त तापतो. लॅमिंग्टन रोड असो की बुधवार पेठ, नकली माल मिळतो. भरवशाच्या दुकानातूनच घ्या.

मॉसफेटची पाठ म्हणजे ड्रेन, तिच्यावर बॅटरीचा प्लस असतो. अभ्रकाची किंवा सिलिकॉनची पट्टी फाटली तर तो थेट हीटसिंकवर. पट्टी नवी घ्या, स्क्रू घट्ट केल्यावर पाठ आणि हीटसिंकमध्ये बीप येत नाही ना ते पाहा. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर.

प्रश्नकर्ता
गेट पॅडवर दोन्हीकडे ४.७ व्होल्ट, पिन १४ वर ४.९८. पुढे आऊटपुट कसं तपासू?

सोल्डरवाला
छान, ड्राइव्ह ठीक आहे. वीज पूर्ण काढून रेक्टिफायर आणि आऊटपुट ट्रान्झिस्टरचे कलेक्टर-एमिटर मोजा. यात मायनस प्रोब चॅसीला लावू नका. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये सेकंडरीचं (टोरॉइडच्या आऊटपुटकडच्या गुंडाळीचं) ग्राऊंड वेगळं असतं, म्हणून दोन रेल कपॅसिटर जिथे मिळतात तो मधला बिंदू धरा.

सगळं ठीक असेल तर मॉसफेट लावून, हीटसिंकला आवळून, बॅटरीच्या प्लसमध्ये हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाका. रिमोट दिल्यावर तो क्षणभर पेटून मंदावला तर कपॅसिटर चार्ज झाले, शॉर्ट नाही. पेटलेलाच राहिला तर लगेच काढा. दोन्ही रेल प्लस-मायनस सारख्या आणि स्पीकर टर्मिनलवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर बल्ब काढून १० अँपिअरचा फ्यूज घाला, स्पीकरशिवाय दहा मिनिटं चालवा. एकच मॉसफेट बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्याची पट्टी आणि स्क्रू पुन्हा पाहा. सब सिरीजमध्ये जोडून झाल्यावरच ३० चे फ्यूज परत लावा.