आखाजीला बहिणीला 'येऊ नको' कसं सांगायचं? घरात नाना दम्याचे, आई शुगरची

बोरीकाठ (अमळनेर तालुका), 5 मे 2021

राम राम मंडळी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, यंदा 14 तारखेला, शुक्रवारी आहे. माई, म्हणजे माझी मोठी बहीण, सुरतेला दिलेली. दरसाल तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून मीच जातो. उधन्याला गाडीत बसलं की थेट अमळनेर. गेल्या वर्षी आखाजी 26 एप्रिलला होती, तेव्हा कोरोनामुळे सगळंच कुलूपबंद, त्यामुळे कुणी कुणाला नाही म्हणायची वेळच आली नाही. यंदा गाड्या चालू आहेत आणि तिथेच पंचाईत आहे. माई म्हणते, "तपासून येते, तसंही गुजरातमधून यायचं तर 48 तासांच्या आतला आरटीपीसीआर लागतोच." आईचं एकच पालुपद: "माई येवाव नही तं आखाजी कसानी?"

घरची परिस्थिती सांगतो. नाना 73 वर्षांचे. उभं आयुष्य जिनिंगमध्ये गेलं, रुईची धूळ आणि वरून बिडी. बिडी सुटली, धाप राहिली. डॉक्टर सीओपीडी म्हणतात, गावात दमाच म्हणतात. दोन वेळा पंप (इनहेलर) ओढतात. आईला शुगर, इन्सुलिन चालू आहे. दोघांचा कोविशील्डचा पहिला डोस मार्चमध्ये झाला. दुसऱ्यासाठी ग्रामीण रुग्णालयासमोर लोक पहाटेच नंबर लावतात आणि उजाडल्यावर कळतं की आज लस आलेलीच नाही.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. सकाळी 7 ते 11 उघडं असतं. बागायती कपाशीवाले आत्ताच चौकशीला येतात, खताच्या भावावरून घासाघीस होते. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून, मास्क हनुवटीला लावून माणूस माझ्या तोंडाजवळ येऊन उधारी मागतो. त्याला मागे सरक म्हटलं की त्याला वाटतं उधारी द्यायची नाही म्हणून हा बहाणा. घरी आलो की मागच्या दाराने न्हाणीत, कपडे बादलीत, मग आत. रात्री मी घराच्या धाब्यावर (छतावर) झोपतो, नाना अंगणात खाटेवर. ते खोकले की मी उठून बसतो. जुना खोकला कुठला, नवा कुठला, कानाने ओळखायला बघतो. बायको म्हणते, तुम्हीच आधी आजारी पडाल.

आणि नानांचं दारावर जाणं, म्हणजे मौत झालेल्या घरी भेटायला जाऊन बसणं. एप्रिलपासून गावात आणि आजूबाजूला बऱ्याच मौती झाल्या. अंत्यविधीला 20 माणसांचा नियम आहे, पण दारावर बसायला किती, हे कुठल्याच आदेशात नाही. नाना रुमाल नाकाला गुंडाळतात आणि निघतात. अडवलं की म्हणतात, "मंग आपला दारवर कोन यी?" याला मी काय उत्तर देऊ?

तर विचारायचं असं. माईला कसं सांगू? की येऊ देऊ, आणि येऊ दिलं तर कशी काळजी घेऊ? काढ्याचे सल्ले कृपया नकोत, घरात पातेलंभर पडलाय.

---

केळीवाला_शहादा

भाऊ, सरळ नाही म्हणा. रुसेल चार दिवस.

आमच्याकडे बघा काय चाललंय. लग्नाला 25 माणसं आणि 2 तास असा आदेश. मंडपात मोजून 25, मागच्या गल्लीत पंगती. मग दोन आठवड्यांनी सगळ्या गल्लीला "टायफॉइड". कोरोना कुणालाच होत नाही, सगळ्यांना टायफॉइडच निघतो. तपासणीला गेलं तर नाव लागतं ना!

नंदुरबारला त्यातल्या त्यात नशीब बरं. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड साहेबांनी पहिल्या लाटेनंतरच ऑक्सिजनचे प्लांट बसवून घेतले. दुसरीकडे सिलिंडरसाठी धावपळ चालू होती तेव्हा इथे शेजारच्या राज्यांतून पेशंट येत होते. पण बेड मिळतो म्हणून काय म्हाताऱ्याला बेडवर नेऊन घालायचं? 73 वर्षांचा दम्याचा माणूस आत गेला की बाहेर आपण फोनची वाट बघत बसतो. मी बसलोय. जास्त लिहीत नाही.

---

सिस्टर_शिरपूर

दादा, मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. ड्यूटीवरून आत्ताच आले, चुकीचं टाइप झालं तर सांभाळून घ्या.

तुम्ही विचारलंत माईंचं. माई एकदा येणार, तपासून येणार. तुमचं दुकान रोजचं आहे आणि नानांचं दार दर दोन-चार दिवसांनी. घरात विषाणू यायच्या वाटा तुम्ही स्वतःच लिहिल्यात, त्यात माईंची वाट सगळ्यात लहान आहे. माई आल्या नाहीत म्हणून नाना सुरक्षित झाले असं धरून चालू नका, एवढंच.

तरी 14 ला येऊन 16 ला परत, असं मात्र नको. निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे ज्या दिवशी काडी घातली त्या दिवशी नाकात सापडला नाही. लागण होऊन दोन दिवस झाले असतील तर रिपोर्ट खुशाल निगेटिव्ह येतो. शिवाय गाडीत काय होईल ते वेगळं. लक्षणं बहुतेकांना पाच-सहा दिवसांत दिसतात, कुणाला 14 पर्यंत लागतात. यायचंच तर आधी यावं, मळ्यात खोली असेल तर तिथे राहावं, मग घरी. ते जमणार नसेल तर यंदा नको.

आता मे महिन्याचं, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. आपल्याकडे दुपारी बाहेर 44-45 अंश. सगळं घर एका खोलीत, कूलरसमोर. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, वर पाहुणे. रात्री अंगणात झोपता तेव्हा जेवढी भीती नाही तेवढी दुपारी त्या खोलीत आहे. कूलर खोलीच्या आत ठेवला असेल तर तो तीच हवा फिरवत राहतो. तो खिडकीत बसवा, तोंड आत, पाठ बाहेर, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. बाहेरची हवा आत येते, आतली निघून जाते, गारवाही जास्त लागतो. तुम्ही दुकानातून येता, तर दुपारी त्या खोलीत तुम्ही नाही झोपायचं. ओट्यावर पंखा लावा, उकडेल.

ऑक्सिमीटर आहे का? असेल तर आजच नानांचा ऑक्सिजनचा आकडा लिहून ठेवा, बरे आहेत तोवर. सगळ्यांना 94 च्या खाली गेलं की दवाखाना गाठा असं सांगतात, आणि ते बरोबर आहे, पण जुन्या सीओपीडीच्या माणसाचा चांगल्या दिवसातला आकडाच 91-92 असू शकतो. तो माहीत नसेल तर एकतर उगाच घाबराल नाहीतर उशीर कराल. त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा, नानांच्या बाबतीत किती खाली गेलं की निघायचं. निवांत पाच मिनिटं बसवून, हात खाटेवर टेकवून, आकडा स्थिर होईपर्यंत बघायचं. आईचा बघताना बोटाला गडद मेंदी नको, आखाजीची मेंदी काढतीलच म्हणून सांगते. नेलपेंटनेही आकडा चुकतो.

पंप बंद करू नका. "कोरोनात पंप नको" असं कुणीतरी पसरवलंय, ते खोटं. मेडिकलमध्ये स्पेसर मिळतो, प्लास्टिकचं नळकांडं. तो लावला की औषध घशाला न चिकटता छातीत जातं. वाफाऱ्याचं मशीन (नेब्युलायझर) चालवायचं झालं तर नाना एकटे, खोली उघडी.

आणि आईंसाठी हात जोडून सांगते: ताप आला म्हणून कुणी गोळ्यांची पुडी दिली तर आत स्टिरॉइड आहे का ते विचारा. ज्याला ऑक्सिजन लागतोय त्याला ते वाचवतं. ज्याला लागत नाही त्याला फायदा नाही आणि शुगर मात्र भडकते. काळ्या बुरशीचे जे पेशंट आता येतायत, त्यात शुगरवाले जास्त आहेत.

---

पाचोरेकरीण

मी कल्याणला असते, माहेर पाचोऱ्याकडचं. माईच्या जागेवर बसून लिहिते.

दादा, तुम्ही फोन करू नका. तुम्ही "नको" म्हणालात की माईला ते तुमच्या तोंडून आलेलं वाटणारच नाही, ते वहिनीच्या तोंडचं वाटेल. मी स्वतः असाच विचार केला होता, आणि आमची वहिनी बिचारी त्या दिवशी शेतात होती. फोन आईने करायचा. आईचं "बेटा, यंदा नको" वेगळं लागतं. आणि आईला तयार करायचं काम तुमचं, ते अवघड आहे, ठाऊक आहे.

आणखी एक. नुसतं "येऊ नको" सांगून फोन ठेवू नका, त्याच फोनमध्ये "मग कधी" तेही सांगा. दुसरा डोस झाला की, पाऊस पडला की, श्रावणात कानबाईच्या सणाला, काहीही, पण नाव घेऊन सांगा. आम्हाला आखाजीचा झोका नाही मिळाला तरी चालतो हो. आपलं नाव माहेरच्या हिशेबातून गळलं असं वाटलं की त्रास होतो.

व्हिडिओ कॉलचं सगळे सांगतील. आखाजीची पितरांची घागर भरताना लावा, जेवताना नको. घागरीवर खरबूज ठेवताना, विस्तवावर पितरांच्या नावाने घास (आगारी) टाकताना बघायला बरं वाटतं. पुरणपोळी आणि आमरस ताटात बघून मला रडूच आलं होतं, आणि इकडे सासूबाईंना वाटलं कुणी गेलं की काय.

---

बोरीकाठ

सगळ्यांना धन्यवाद. सिस्टर, कूलर आतच होता, दाराजवळ. काल खिडकीची जाळी कापून बाहेर बसवला. नाना म्हणाले, "आता चोराले गार हवा लागी." पण फरक आहे.

मळ्यात खोली आहे, पण मोटारीची पेटी आणि खताच्या गोण्या तिथेच, वर पत्रा. मे महिन्यात सुरतेहून आलेल्या लेकराबाळांना त्या पत्र्याखाली ठेवायचं मन होत नाही. तेव्हा यंदा नाहीच.

नानांचा आकडा 92-93 येतो. तुम्ही सांगितलं नसतं तर मी त्याच रात्री गाडी काढली असती.

दारावर जाण्याचं मात्र अडलंय. घरात कोंडून ठेवता येत नाही. मास्क बांधला तर धाप लागते म्हणतात, आणि ते खोटंही नाही.

---

केळीवाला_शहादा

दारावरचं मी सांगतो. माझे वडीलही असेच होते. त्यांना "जाऊ नका" म्हटलेलं कळत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते माणुसकी सोडणं झालं. दुसरं काम द्यावं लागतं. गावातल्या तीन-चार म्हाताऱ्यांना एकत्र घेऊन ठरवा, म्हणजे फोनवर: यंदा दारावर बसणं नाही, मौतीनंतरच्या गंधमुक्तीच्या विधीलाही घरचीच माणसं. एकट्या नानांनी जायचं सोडलं तर ते वाईट दिसतील. पाच जणांनी सोडलं तर ती गावाची रीत झाली. सुरुवात कुणीतरी ज्याच्या घरी मौत झालीय त्यानेच "येऊ नका, फोन करा" म्हणून केली तर सगळ्यात चांगलं. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तसंच सांगितलं, त्या घरच्या मोठ्या मुलाच्या आवाजात.

---

सिस्टर_शिरपूर

हे बरोबर आहे. आणि अगदीच गेले तर बाहेर, ओट्याखाली, झाडाच्या सावलीत उभं राहून दोन शब्द बोलून परत. घरात, बायकामाणसांच्या रडण्यात बसायचं नाही. चहा नाही. मास्कने दम लागतो त्यांनी गर्दीत जायचंच नाही, मास्क बाकीच्यांनी लावायचा.

---

बोरीकाठ, 16 मे 2021

आखाजी झाली. फोन आईनेच केला. दोघी बराच वेळ बोलल्या, मी दुकानात होतो, काय बोलल्या ते विचारलं नाही. कानबाईचं ठरलंय म्हणे. घागर भरताना माईला व्हिडिओवर घेतलं, नेट दोनदा तुटलं. भाच्याने खरबुजाला नाक-डोळे काढायला सांगितले, नानांनी काढलेही.

लसीचं मात्र पुढे गेलं. 13 तारखेला दोन डोसांमधलं अंतर 12 ते 16 आठवडे केलं, म्हणजे नाना-आईचा नंबर आता जूनमध्ये. तोवर असंच चालवायचं.

भोंग्याचं सरपंचांच्या कानावर घातलंय. "बघतो" म्हणालेत. नाना या आठवड्यात एकदाच गेले, आणि बाहेरूनच परत आले असं ते सांगतात.

सिस्टर, स्पेसर आणला. त्यात आतून पांढरं साचायला लागलंय. धुवायचा कसा?

---

सिस्टर_शिरपूर

आठवड्यातून एकदा. सुटा करून कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून थोडा वेळ बुडवून ठेवा. घासायचा नाही, फडक्याने पुसायचा नाही, पुसला की औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. जाळीवर उभा ठेवून निथळू द्या, सावलीत. पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका. आणि पंप ओढल्यावर नानांना चूळ भरायला सांगा, नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो.