प्रतिसाद: वुंडरलिश आणि श्वासाची तालीम

जर्मन ऑपेरा-गायक (टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष आवाज) फ्रिट्झ वुंडरलिश यांचा आवाज ही निव्वळ निसर्गाची देणगी होती, असे ज्या लेखाला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटले आहे. ते मला अर्धेच पटते. 1930 साली कुझेल या लहानशा जर्मन गावात जन्मलेल्या आणि पाचव्या वर्षीच वडिलांना मुकलेल्या या मुलाने फ्रायबुर्गच्या संगीत महाविद्यालयात गायनाबरोबर फ्रेंच हॉर्न या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याचेही शिक्षण घेतले, आणि खर्च भागवण्यासाठी नृत्याच्या वाद्यवृंदांतून वाजवले. हॉर्नवर दीर्घ स्वर न थरथरता धरायचा, तर श्वास मोजूनमापूनच खर्चावा लागतो. ही शिस्त त्यांच्या गाण्यात पदोपदी जाणवते.

कार्ल ब्यॉम यांच्या संचलनाखालील 1964 चे मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेराचे ध्वनिमुद्रण ऐकावे. नायिका पामिनाचे चित्र पाहून राजपुत्र टामिनो गाऊ लागतो, तेव्हा पहिल्याच शब्दांत स्वर एकदम सहाव्या सुरावर झेपावतो. तिथे बहुतेक गायक जोर लावतात, वुंडरलिश मात्र श्वास रोखून पाहणाऱ्या माणसासारखे अलगद वर पोहोचतात. (टामिनोची हीच भूमिका त्यांना श्टुटगार्टमध्ये एका आजारी सहकाऱ्याच्या जागी आयत्या वेळी मिळाली होती.)

पुढे ते म्युनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना येथे गायले. सप्टेंबर 1966 मध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामधील पदार्पण तोंडावर आलेले असताना, एका मित्राच्या शिकारगृहातील जिन्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. छत्तिसावा वाढदिवस अवघ्या 9 दिवसांवर होता.