आवळा ज्यूसनं डायपासून किडनी वाचत नाही, पोस्ट फिरवणं बंद करा

शाहूपुरीकर:
कालपासनं ग्रुपवर फिरतंय, "सीटी स्कॅनचा डाय किडनी खातो, आधी तीन दिवस आवळा ज्यूस आणि अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्या, शंभर टक्के सेफ". डाय म्हणजे स्कॅनमध्ये आतलं नीट दिसावं म्हणून शिरेतनं देतात ते औषध. डोस्कं फिरलं म्हणून लिहितोय. डायलिसिस टेक्निशियन हाय मी, 11 वर्षं झाली. परवा एक काका क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी कमी चालली की हा वाढतो) न तपासताच स्कॅनला निघालेले, का तर म्हणे आवळा घेतलाय की! मूळ कल्पना खुळी नव्हती. आयोडीनच्या डायनं किडनीच्या आतल्या भागाला रक्त कमी पोचतं, ऑक्सिजन घटतो, फ्री रॅडिकल वाढतात, म्हणून अँटिऑक्सिडंट. 2000 साली जर्मनीत 83 पेशंटवर एन-ॲसिटिलसिस्टीन ही अँटिऑक्सिडंट गोळी वापरली, क्रिएटिनिन चढलेले 21 टक्क्यांऐवजी 2 टक्केच निघाले, सगळं जग त्या गोळीमागं लागलं. मग 2011 ला ब्राझीलमध्ये 2308 पेशंट, किडनी बिघडलेले गोळी घेतलेल्यात 12.7 टक्के आणि न घेतलेल्यात पण 12.7! 2018 ला जवळजवळ 5000 पेशंटची प्रिझर्व्ह नावाची ट्रायल झाली, त्याच गोळीची, तिथंपण काही फरक नाही.

कळंब्याचा पाटील:
पोस्ट मीच टाकलीय. 2013 ला वडिलांची अँजिओग्राफी झाली, 20 वर्षांची शुगर, डॉक्टरांनीच ती गोळी पाण्यात विरघळवून दिलेली. आज वडील 78, किडनी ठणठणीत. डॉक्टर येडे होते काय?

शाहूपुरीकर:
येडे कशाला असतील. स्वस्त गोळी, त्रास फारसा नाही, म्हणून सगळीकडंच द्यायचे. पण गोळी न घेता पण वडील ठणठणीतच राहिले असते का नाही, हे एका माणसावरनं कसं कळणार? आणि ती गोळी म्हणजे आवळा नव्हं.

गारगोटीची सून:
आवळा राहू दे बाजूला, "उपाशीपोटी या" यावर कोण बोलणार? सासूबाईंना पहाटे 5 च्या एसटीनं आणलं, पाण्याचा घोट नाही, नंबर लागला दुपारी 2 ला, ऊन मरणाचं. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन 1.2 चं 2.1. आठवड्यानं उतरलं, पण तो आठवडा आम्ही कसा काढला आमचं आम्हाला माहीत.

उद्यमनगर:
आमच्या आईचं पण सेम!! पाणी मागितलं तर काउंटरवरची वस्सकन अंगावर आली.

मंगळवार पेठेतली ताई:
मी अशाच काउंटरला बसते. चिठ्ठीवर आम्ही "जेवू नका" लिहितो, "पाणी पिऊ नका" नव्हं. लोकच पाणी सोडतात आणि शिव्या आम्हाला.

गारगोटीची सून:
ताई, चिठ्ठी घरात हाय अजून. "काहीही खाऊ-पिऊ नये" असं छापलंय. फोटो टाकू का?

मंगळवार पेठेतली ताई:
नको. आमची पण काढून बघितली आत्ता. तेच छापलंय. उद्या सरांशी बोलते.

कळंब्याचा पाटील:
शाहूपुरीकर, आता पाण्यानं किडनी वाचते म्हणणार तुम्ही. ते तरी कुठं सिद्ध झालंय?

शाहूपुरीकर:
बरं, हे मानावं लागतंय. 2017 ला नेदरलँड्समध्ये 660 पेशंट घेतले, ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा, कमी म्हणजे वाईट) 30 ते 59, त्यात सलाईन न दिलेल्यांचं काही जास्त बिघडलं नाही. डायची भीतीच आधी फुगवलेली, असं 2020 ला अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीच्या संघटनांनीच लिहिलंय. खरी काळजी ईजीएफआर 30 च्या खाली. पण म्हणून म्हाताऱ्या माणसाला नऊ तास तहानलेलं ठेवायचं व्हय? वहिनी, सासूबाई गुडघ्याला पेनकिलर घेतात का?

गारगोटीची सून:
रोज. मेडिकलवाल्याकडनंच, चिठ्ठी न दाखवता. पुढच्या गुरुवारी परत स्कॅन हाय, ईजीएफआर 48.

शाहूपुरीकर:
मग ती पेनकिलर आजच डॉक्टरांना दाखवा आणि थांबवायला सांगा, डायपेक्षा मला तिचीच भीती वाटते. शुगरच्या गोळ्यांचं पण विचारून घ्या. पाणी चालेल का ते सेंटरला फोन करून विचारा आणि चालेल म्हटले की बाटली बरोबर ठेवा.

कळंब्याचा पाटील:
पोस्ट काढली ग्रुपवरनं. तुमचं सगळं पटलं असं नाही, पण ते काका न तपासता निघाले हे बरं नाही झालं. आवळा मी खाणारच, परड्यातला हाय.