शब्दचर्चा : ल्युकोडिस्ट्रॉफीला मराठीत काय म्हणावं?

बोरूबहाद्दर : लहान मुलांच्या आनुवंशिक मेंदूविकारांवरच्या पुस्तिकेचं भाषांतर करतोय. व्हाइट मॅटरला, म्हणजे मेंदूतल्या तंतूंच्या पांढऱ्या भागाला, ‘श्वेतद्रव्य’ केलं (‘पांढरा पदार्थ’ म्हटलं की खवा आठवतो). ल्युकोडिस्ट्रॉफी म्हणजे हे श्वेतद्रव्य बिघडवणारे आनुवंशिक आजार; त्याला ‘श्वेतद्रव्यक्षय’ चालेल?

शाईचा डाग : क्षय नको. घरोघरी क्षय म्हणजे टीबी. शिवाय क्षय म्हणजे असलेलं झिजणं. पेलिझेउस-मर्झबाखर या प्रकारात मायलिन, म्हणजे तंतूंवरचं आवरण, मुळात नीट तयारच होत नाही. ग्रीकमध्ये ल्युकोस म्हणजे पांढरा, ट्रोफी म्हणजे पोषण. म्हणून कुणी ‘कुपोषण’ सुचवेल, पण ते वाचून आईला वाटेल, आपणच पोराला खायला कमी घातलं. ल्युकोडिस्ट्रॉफीच ठेवा.

बोरूबहाद्दर : बरं. मायलिनला ‘मज्जावरण’?

शाईचा डाग : खरी गोची तिथेच आहे. मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था हे सगळं नसांचं खातं. अस्थिमज्जा मात्र हाडातली, आयुर्वेदातली मज्जाही तीच. अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या प्रकारात मेंदूवरचा परिणाम अगदी सुरुवातीला सापडला, तर काही मुलांना दात्याच्या बोन मॅरोतल्या मूळपेशी देतात. आता ‘मज्जावरणाच्या आजारावर मज्जाप्रत्यारोपण’ असं छापून बघा! आमच्या नात्यात ही वेळ आली तेव्हा मावशीने पहिलं विचारलं, “म्हणजे डोकं उघडणार का रे?” दात्याच्या पेशी शिरेतून, रक्त चढवतात तशा देतात, हे तिला पटायला अख्खी दुपार गेली. खाटकाकडे असा घोळ होत नाही, नळी वेगळी नि भेजा वेगळा. मायलिनच लिहा, आणि एकदा सांगा : तंतूंवरचं मेदाचं वेष्टण.

पानसुपारी : ‘व्हॅनिशिंग व्हाइट मॅटर’चं काय केलंत? १९९७मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या मार्यो व्हान डर क्नाप आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेला आजार.

बोरूबहाद्दर : ‘लुप्त होणारे श्वेतद्रव्य’.

पानसुपारी : ‘विरणारं’ करा. एमआरआयमध्ये श्वेतद्रव्याच्या जागी पाणी दिसतं आणि त्यात उरलेल्या उतीचे बारीक धागे. जुनं धोतर विरतं ना, अगदी तसं.

शाईचा डाग : वा! आणि मुंबईच्या डॉ. भीम सिंघल यांच्या गटाने अगरवाल समाजातल्या मुलांत नोंदवलेला, तान्हेपणीच डोकं मोठं होणारा आजार असेल, तर त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाचं ‘एमएलसी’ हे लघुरूप टाळा. आपल्याकडे तो विधान परिषदेचा आमदार.

बोरूबहाद्दर : विरणारं घेतलं. पण ‘आई-वडील दोघेही वाहक’ वाचून बायको म्हणाली, एसटीत आहेत का?

पानसुपारी : ‘दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत, स्वतःला त्रास नाही’ असं लिहा. लांबेल, लांबू दे.