शब्दचर्चा : 'माय डिअरेस्ट फ्रेंड' हा मायना मराठीत कसा आणाल?

दौतटाक :
नमस्कार मंडळी. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स आणि त्यांच्या पत्नी ॲबिगेल यांची काही पत्रं अभिवाचनासाठी मराठीत करतोय. दोघांची मिळून अकराशेहून जास्त पत्रं टिकली आहेत. मी घेतलीत ती बहुतेक १७७६ ची. ते फिलाडेल्फियात काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधीसभेच्या, बैठकांमध्ये अडकलेले, त्या मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रेनट्रीला चार मुलं आणि शेतीवाडी सांभाळतायत.

मजकुराचं जमतंय, घोडं अडलंय मायन्यावर. कितीतरी पत्रं 'माय डिअरेस्ट फ्रेंड'ने सुरू होतात. त्याही तेच लिहितात आणि तेही तेच. 'प्रिय मित्र' लिहून मोठ्याने वाचून पाहिलं, तर थेट आठवीच्या पेपरातला पत्रलेखनाचा प्रश्न आठवला. पुढे स. न. वि. वि. आणि 'परीक्षा कशी गेली' एवढंच बाकी होतं. सुचवा काहीतरी.

बोरूबहाद्दर :
अहो, नवरा-बायकोची पत्रं आहेत ना? मग सरळ 'प्राणनाथ' आणि 'प्राणसखी'! अठराव्या शतकाचा बाजही येईल आणि ऐकणाऱ्यालाही गोड लागेल.

खडीसाखर :
बोरूकाका, संगीत नाटकाचा पडदा उघडला की हो! थट्टा सोडा, पण 'प्राणनाथ' इथे चालणारच नाही. ३१ मार्च १७७६ चं ॲबिगेलबाईंचं पत्र बघा. नव्या कायद्यात बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका, असं ज्यात ठणकावलंय ते. त्याच पत्रात पुढे म्हणतात, तुमच्यापैकी ज्यांना सुखी व्हायचं असतं ते 'मास्टर' ही कठोर पदवी आपखुशीने सोडतात आणि 'फ्रेंड' ही हळुवार, लाघवी पदवी घेतात.

म्हणजे 'फ्रेंड' हा मायन्यातला नुसता गोडवा नाही. तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बाईचा पैसाअडका नवऱ्याच्या ताब्यात जायचा, तेव्हा 'मास्टर' ही काही उपमा नव्हती. आणि नाथ म्हणजे काय? स्वामी. मास्टरच! बाईंनी जो शब्द पुढच्या दाराने घालवला तो तुम्ही मागच्या दाराने आत घेताय.

बोरूबहाद्दर :
मान्य. आपलाच शब्द, पण असा फोडून कधी पाहिला नव्हता. आता बघत बसलो तर पती म्हणजे धनीच, धनी म्हणजे मालक, आणि यजमान, मालक, कारभारी हे तर उघडच आहेत. नवरा तेवढा यातून सुटतो.

ता. क. :
सुटतो कुठला. त्याला पत्र लिहावं लागतं.

दौतटाक :
खडीसाखर, हे पत्र मी केलंय, पण ती ओळ आणि मायना यांची सांगड लक्षातच आली नव्हती. ('मी लिहिते त्याच्या निम्मं तरी लांब पत्र तुम्ही लिहावं' या तक्रारीने ते सुरू होतं. आमच्या घरी हल्ली हीच तक्रार व्हॉट्सॲपवर येते.) पण मग अडचण वाढलीच. इंग्रजीत एकच शब्द दोघांनाही चालतो, आपल्याकडे मित्र-मैत्रीण, सखा-सखी अशी फोड होते. आणि 'सखी' म्हटलं की तिचा दर्जा का कोण जाणे एक पायरी उतरतो.

खडीसाखर :
'जिवलग' कसं वाटतं? रूप दोघांनाही तेच.

दौतटाक :
लिहून पाहिलं. संबोधन करायला गेलं की लगेच 'जिवलगा' होतं, आणि मग कोणीतरी गायला लागतं. 'जिवाचं मैत्र' पण करून पाहिलं. पसायदानामुळे शब्द ओळखीचा आहे, पण तिथे मैत्र म्हणजे मैत्री. गुरंढोरं, भाडं-महागाई यांचा हिशेब लिहिणाऱ्या बाईच्या तोंडी फार तरल होतं.

बोरूबहाद्दर :
आता माझ्या पोतडीतलं ऐका. मराठेशाहीच्या पत्रांत स्नेहाच्या नात्यातला माणूस स्वतःला 'स्नेहांकित' म्हणवतो. तिथूनच 'परमस्नेही' घ्या. स्नेही शब्दाला बाई-पुरुष असा भेद रोजच्या मराठीत कोणी करत नाही. 'परमस्नेही जॉन', 'परमस्नेही ॲबिगेल'. जुना आहे, पण कुजका नाही. आणि त्यात मालकी शोधूनही सापडायची नाही.

खडीसाखर :
काका, हा मात्र बावनकशी. फक्त एक पथ्य पाळा. खाली मजकुरात ती त्यांना 'अहो-तुम्ही' आणि ते तिला 'अगं-तू' असं करू नका, नाहीतर परमस्नेही पहिल्या ओळीतच मेला. इंग्रजी 'यू'ला असली उतरंड नाही.

दौतटाक :
दोघांनाही 'तू' करून पाहिलं, ते कालपरवाचं जोडपं वाटलं. दोघांनाही 'तुम्ही' केलं तर दोन वकील बोलतायत असं वाटतं. त्यातला एक खरोखरच वकील होता म्हणा.

आता दुसरा शब्द. जॉनसाहेबांचं उत्तर, १४ एप्रिल १७७६. तुमची असाधारण कायदेसंहिता वाचून हसूच आलं, म्हणतात. आमच्या चळवळीमुळे पोरं ऐकेनाशी झाली, उमेदवार कारागीर ऐकेनात, इंडियन (म्हणजे तिथले मूळ रहिवासी) पालकांना आणि काळे गुलाम मालकांना जुमानेनात असं कानावर होतं, पण या सगळ्यांहून संख्येने आणि ताकदीने मोठी आणखी एक जमात बिथरलीय हे तुमच्या पत्रातूनच कळलं. मग पुढे लिहितात, ही स्तुती जरा रांगडीच झाली, पण तुम्ही इतक्या 'सॉसी' आहात की मी ती खोडत नाही. या सॉसीला काय म्हणाल? उद्धट?

ता. क. :
उद्धट हेडमास्तर म्हणतात. नवरे नाही.

बोरूबहाद्दर :
खट्याळ?

खडीसाखर :
खट्याळ फार लाडिक. बाईंनी बंड करू अशी धमकी दिलीय हो, ओढणी नाही उडवली. फटकळ म्हणावं तर त्यात नुसता तोंडाचा तिखटपणा येतो. मला विचाराल तर 'आगाऊ'. आमची आजी हा शब्द ज्या सुरात म्हणायची त्यात राग एक आणा आणि कौतुक पंधरा आणे असायचं.

शिवाय एक गंमत बघा. पुढे २७ एप्रिलला ॲबिगेलबाई आपली मैत्रीण मर्सी ओटिस वॉरन हिला कळवतात की मी बायकांच्या गाऱ्हाण्यांची यादी पाठवली, तर उत्तरात हे माझ्याशी फार सॉसीपणा करतायत. अगदी तोच शब्द! त्यांनी दिला, हिने उलटवला. तेव्हा दोन्हीकडे एकच शब्द हवा आणि तो दोघांनाही लागू पडायला हवा. आगाऊ तसाच राहतो. आगाऊ बाई, आगाऊ बुवा.

दौतटाक :
वा! आणि 'तुम्ही'चं कोडंही इथेच सुटलं. 'तू इतकी आगाऊ आहेस' यात दम भरल्यासारखं होतं. 'तुम्ही इतक्या आगाऊ आहात की मी हे खोडत नाही' असं म्हटलं की चेहऱ्यावरचं हसू दिसतं. 'तुम्ही'च ठेवतो.

बोरूबहाद्दर :
'खोडत नाही'च्या जागी 'हरताळ लावत नाही' करता येईल. पोथीतली चूक झाकायला हरताळच फासायचे.

खडीसाखर :
काका, आता हरताळ म्हटलं की बंद दुकानं दिसतात. खोडू द्या त्यांना.

दौतटाक :
शेवटचं एक, मग पिडत नाही. ४ ऑक्टोबर १७६२, लग्नाआधीचं पत्र. हा सव्वीस वर्षांचा वकील, ती सतराची. मायना 'मिस अडोरेबल', आणि खाली चक्क अदायगीचा हुकूम. हे पत्र आणणारा काल रात्री तुमच्याकडे बसला होता, त्याला तो मागेल तितकी चुंबनं आणि रात्री नऊनंतरचा मागेल तितका वेळ द्यावा आणि माझ्या खाती मांडावं. पत्र आणणारा अर्थात हा स्वतःच. मी याला 'हुंडी' म्हटलंय. बरोबर?

बोरूबहाद्दर :
हुंडी सावकारांची, पेढीवरची. हा पठ्ठ्या स्वतःच त्याला हुकूम म्हणतोय ना? मग पेशवाईतला शब्द आहे 'वरात'. अमक्याला इतके द्यावेत म्हणून खजिन्यावर किंवा महालाच्या वसुलावर काढलेली चिठ्ठी.

खडीसाखर :
आणि चुंबनं नकोत. ती सेन्सॉर बोर्डाकडे असतात. 'मुके' करा.

दौतटाक :
मुकेच. आता असं झालंय : 'एक मुका मिळाला तेव्हा मी निदान वीस-तीस लाख दिले आहेत, सबब ही वरात काढण्याचा मला हक्क आहे, आणि उभयतांच्या हिशेबात भली मोठी बाकी निघते ती आपला जॉन ॲडम्स याची.' मुळात शेवटचं वाक्य असंच सहीत जाऊन मिळतं. 'आपला'मुळे ते आपोआप साधलं.

ता. क. :
वरात निघाली २५ ऑक्टोबर १७६४ ला. वाजतगाजत.