टिंकल हातात आलं की तुम्ही आधी कुठल्या पानावर जायचात?

चिंचगुळाची आमटी
भाची-भाचा सुट्टीला आलेत, माळ्यावरचे जुने टिंकल डायजेस्ट (मुलांचं इंग्रजी चित्रकथांचं मासिक हो) काढून दिले. भाची शिकारी शंभू वाचून गडाबडा लोळतेय, भाचा तंत्री सोडून कशाला हात लावत नाही आणि सुप्पंडीला तर 'बोअर आहे हा' म्हणाला!! मला एकदम आमच्या घरातली भांडणं आठवली. मी कट्टर सुप्पंडीवाली, दादा कपीशवाला. तो म्हणायचा यात हसायचं काय, मालक सांगतात एक, हा करतो भलतंच, मालक चिडले की गोष्ट संपली. मी म्हणायचे तुझ्या माकडाची शेपूट वाट्टेल तेवढी लांब होते, मग दोपाया शिकारी त्याला काय पकडणार, वाचायचं कशाला. अंक एक आणि दोघांची हसायची पानं पार वेगळी. बाबा तर आधी अनु क्लबची विज्ञानाची पानं वाचून घ्यायचे, मग आम्हाला द्यायचे. मला वाटतं त्या एवढ्याशा अंकात लोककथा, जंगलातल्या गोष्टी, विनोद, प्रयोग, कोडी सगळं होतं म्हणूनच तो घरात सगळ्यांना पुरला. तर तुम्ही सांगा, आधी कुठे जायचात आणि काय न वाचता उलटायचात? चांदोबा, किशोर, इंद्रजालवाल्यांनीही या.

रातराणी
शंभू शंभू शंभू!
आम्ही मराठी मिडियम, इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे टिंकल मी चित्रं बघूनच वाचायचे आणि शंभू चित्रातूनच कळतो. टोपी कायम नाकापर्यंत, डोळे कधी दिसतच नाहीत, तरी घाबरलाय हे मला नेहमी कळायचं, गुडघे, मिशी, हातांची बोटं सगळं घाबरलेलं असायचं. वसंत हळब्यांची कमाल. वाघ मागे उभा, हा पुढे बघत चाललाय, आणि शेवटी तोच वाघ धडपडून पिंजऱ्यात आणि गाववाले याच्या गळ्यात हार घालतायत. सुप्पंडी मात्र मला फार उशिरा आवडला कारण त्यात गंमत बोलण्यात आहे, ते इंग्रजी कळल्याशिवाय हसू येत नाही.

दगडफूल
तंत्रीसाठी हजर. मला चांगल्या माणसांच्या गोष्टी लहानपणापासून कंटाळवाण्या वाटायच्या. तंत्री कसा, राजाचा मंत्री, दर वेळी नवा डाव, नवी जादू, नवा मांत्रिक, आणि राजा हूजाला पत्ताच नाही की हा माझ्या गादीवर टपलाय, उलट 'माझा तंत्री किती काळजी घेतो' म्हणून खूश. डाव उलटणार हे माहीत असतं पण कसा उलटणार त्यात मजा. दर वेळी वाटायचं आज तरी होऊ दे रे याला राजा. अशोक डोंगरे काढायचे ना चित्रं? तंत्रीचा तो शेवटच्या चौकटीतला सुजलेला चेहरा!
फ्रेंचमध्ये इझ्नोगूड म्हणून असाच एक वजीर आहे १९६२ पासूनचा, त्यालाही खलिफाच्या जागी खलिफा व्हायचंय. मोठेपणी सापडला, तोही आवडला पण आपला तंत्री तो आपलाच.

सुगरण
मी फक्त मधली कोडी सोडवायचे :) भूलभुलैया पेन्सिलने. भाऊ आधीच पेनने सोडवून ठेवायचा म्हणून रडारड. बाकी नंतर लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

आडवाटेचा
बरोबर, डोंगरेच. आणि कालिया कावळा प्रदीप साठे, सुप्पंडी राम वाईरकर. आपल्याकडच्या किती चित्रकारांनी हे मासिक उभं केलं बघा. अनंत पै यांनी १९८० मध्ये सुरू केलं, आणि वाचकांनी पाठवलेल्या गोष्टी छापायच्या हे धोरणच होतं. सुप्पंडीही तसाच आला, १९८३ साली, त्रिचीच्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींतून. म्हणून त्याचा विनोद गावाकडच्या पारावरच्या गोष्टींसारखा लागतो. वाईरकर गेल्यावर त्यांच्या मुलीने सुप्पंडी काढला हे किती छान आहे.
मी स्वतः लोककथावाला. पात्रं नसलेल्या, एकदाच येणाऱ्या गोष्टी, कुठल्यातरी देशातली म्हातारी आणि तिची शेळी वगैरे. त्या कुणालाच आठवत नाहीत याचं वाईट वाटतं.

चिंचगुळाची आमटी
आडवाटेचा, म्हातारी आणि शेळी! अशा गोष्टी दादा न वाचता उलटायचा आणि मी रात्री आजीला वाचून दाखवायचे, मराठी करून. आजीला त्याच हव्या असायच्या. सुप्पंडी वाचला तर म्हणायची, 'असा गडी आमच्याकडे होता, पुढं वाच.'

माळावरची
थोडं वेगळं लिहिते. माझी आई लोकांकडे धुणीभांडी करायची आणि टिंकल आमच्याकडे तिथूनच यायचे, वाचून झालेले, कव्हर गेलेले. मला सुप्पंडीवर कधीच हसू आलं नाही. माणूस कामाला जातो, शिव्या खातो, काढून टाकलं जातं, पुढच्या महिन्यात दुसरीकडे नवा मालक. सगळी मुलं हसायची आणि मला आईचा चेहरा दिसायचा. मला कालिया आवडायचा. चमटक कोल्हा आणि डूब डूब मगर दोघं मिळून सशांना खायला बघतात आणि एक कावळा नुसत्या डोक्याने त्यांना फजीत करतो. ना त्याच्याकडे शेपूट, ना बंदूक. डूब डूब चमटकच्या नादी लागून दर वेळी फसतो ते मला अजून आवडतं. कुणाचं मन दुखवायला लिहीत नाहीये, ज्यांना सुप्पंडी आवडतो त्यांनी आवडून घ्यावा, पण विचारलंत म्हणून.

रातराणी
माळावरची, मनापासून लिहिलंत. _/\_ हे कधी सुचलंच नव्हतं.

दगडफूल
माळावरची ताई, पटलं. पण मला एक वाटतं, सुप्पंडी कधी रडत नाही बघा. मालक डोक्याला हात लावून बसलेले आणि हा मस्त उभा, त्याच्या हिशोबाने त्याने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. मला तर नेहमी मालकाचंच हसू यायचं, नीट सांगता येत नाही त्याला.

माळावरची
असेल. पण महिनाअखेर नोकरी त्याचीच जाते ना.

कडीपत्ता
टिंकल कधी मिळालं नाही, आमच्या गावात चांदोबा यायचा एसटीने. विनोद जवळजवळ नाहीच त्यात पण विक्रम आणि वेताळ!! शंकर यांचं ते चित्र, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे कवट्या. मी पान हाताने झाकून वाचायचो. आणि वेताळाचा प्रश्न आला की तिथेच थांबायचं, आधी आपण उत्तर द्यायचं, असा काकांचा नियम. काकांचं आणि माझं उत्तर कधी जुळायचं नाही, राजाचं तर दोघांहून वेगळं. त्यावर जेवणं थंड व्हायची. हसवणाऱ्या गोष्टी मला अजूनही फारशा जमत नाहीत, बायको म्हणते तुला जोक समजावून सांगावा लागतो.

सुगरण
आले परत. कडीपत्ता, आमच्या ह्यांचंही सेम, त्यांनी फक्त इंद्रजाल कॉमिक्समधले वेताळ (म्हणजे फँटम, विक्रमाचा नव्हे) आणि मँड्रेक वाचलेत. कॉमिक्समध्ये हसतात हेच त्यांना मान्य नाही.

पाऊसवेडा
इकडे न्यू जर्सीत मुलीला टिंकल दाखवलं, तिला जुने कुणीच नकोत, तिला फक्त विंगस्टार, मिझोरामची शाळकरी मुलगी मापुई जी सुपरहिरो आहे पण तिला त्यात काही फार इंटरेस्ट नाही, मित्रमैत्रिणींबरोबर राहायचंय. मुलगी म्हणते तिचा होमवर्कचा वैताग फनी आहे. मी शंभू वाचून दाखवला तर म्हणाली, 'बाबा, पण तो प्राण्यांना पकडतो का?' तिच्या वर्गात वाघ वाचवायचे पोस्टर करतात. मग मी दाखवलं की तोच वाघाला घाबरतो, तेव्हा थोडी हसली. तिला कपीश द्यावा का? दादा-पार्टी सल्ला द्या.

चिंचगुळाची आमटी
पाऊसवेडा, दादाला फोन करून विचारलं, तो म्हणतो डोळे झाकून कपीश दे. पीलू वाघ आणि सीगल कोल्ह्याचे डाव आधी वाचून दाखव आणि मग तिलाच विचार, आता शेपटीचं काय करेल कपीश? त्याच्या मते मजा त्या अंदाजात आहे, हसण्यात नाहीच. इतक्या वर्षांनी कळलं मला ते! आणि मी त्याला 'त्यात विनोद कुठाय' विचारत बसलेले असायचे.

पाऊसवेडा
थँक्यू! आज रात्रीच.

कडीपत्ता
अवांतर विचारतो, जुन्या अंकांना कसर लागलीये, काय करावं? डांबरगोळ्या ठेवू?

सुगरण
डांबरगोळ्या नको, मुलं हाताळणार. कडक उन्हात नाही पण वाऱ्यावर एकेक पान उघडून ठेव, मग सुकवलेला कडुनिंबाचा पाला घालून कापडात बांध. प्लॅस्टिकमध्ये अजिबात नको, घाम धरतं. आणि वेताळवाले इंद्रजाल कुणी देत असेल तर आमच्या ह्यांच्यासाठी सांगा हो.

आडवाटेचा
सुगरण, माझ्याकडे मराठी इंद्रजाल आहेत थोडे, निरोप टाकतो. बदल्यात लोककथावाले टिंकल असतील तर बघा.